चोवीस नंबरचा शर्ट

तीन वेळा मी हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिन्ही वेळा नवा साहेब आला की मला बाजूची खुर्ची मिळाली. मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची मी अकरा वर्षं सहायक आहे. म्हणजे काय, तर जिंकलो की साहेबांचं डोकं, आणि हरलो की ताईंचं लक्ष नव्हतं. या वेळी म्हटलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मुख्य प्रशिक्षकपदासाठी रीतसर अर्ज केला. सासूबाईंनी ऐकलं आणि बजावलं, "हो म्हणाले तर उत्तम, नाही म्हणाले तर सरळ घरी ये. पण परत त्या बाजूच्या खुर्चीत बसलीस तर मी सामने बघणं बंद करीन." रेफरीला चार शिव्या घातल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, त्यामुळे धमकी साधी नव्हती.

समितीने तिघांना मुलाखतीला बोलावलं. मी त्यात नव्हते. वर सचिवांचा फोन आला, "ताई, प्रोजेक्टर तेवढा तुम्ही सांभाळा हं. तुमच्या हाताला सवय आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी गेले. दाराबाहेर चडफडण्यापेक्षा खोलीत बसून चडफडलेलं बरं.

टेबलापलीकडे पाच जण होते. अध्यक्ष, सचिव, संघाच्या डॉक्टरीणबाई, जाहिरातदारांचा एक माणूस, आणि एकेकाळच्या गोलकीपर, ज्यांना अजून सगळे 'भिंत' म्हणतात. पहिले दोन उमेदवार आले आणि गेले. एकाला आमच्या कॅप्टनचं नाव आठवेना, दुसऱ्याला पगाराशिवाय काही सुचेना.

तिसरे चष्मेवाले सर. बाहेरच्या मोठ्या क्लबात काम केलेले, बोलणं लोण्यासारखं. आमच्या एकेका पोरीबद्दल घडाघडा बोलत सुटले. कोण दमली की डावीकडे सरकते, कुणाला कॉर्नर घेताना घाई होते. अध्यक्ष माना डोलवत होते. मी मात्र कान टवकारले, कारण वाक्यं ओळखीची होती. उमेदवारांना तयारीसाठी महासंघ मागच्या सहा सामन्यांचे अहवाल पाठवतो. ते मीच लिहिते. सर माझेच अहवाल मला वाचून दाखवत होते. आयत्या बिळावर नागोबा!

चिडले, पण बोलणार काय? अहवाल वाचणं हा काही गुन्हा नाही.

मग सर म्हणाले, "आणि माझा खरा शोध म्हणजे तुमची चोवीस नंबर. शेवटच्या सामन्यात उत्तरार्धात तिने सात हल्ले तोडले. मी तो सामना तीनदा पाहिलाय."

त्या सामन्यात चोवीस नंबर एक मिनिटही खेळली नव्हती.

झालं होतं असं. मध्यंतराच्या आधी सतरा नंबरच्या भुवईला लागलं, शर्ट रक्ताने भरला. रक्ताचा शर्ट घालून खेळता येत नाही. जादा शर्टांची पेटी राहिली बसमध्ये. मग बाकावरच्या चोवीसने आपला शर्ट काढून दिला, रेफरीला कळवलं, आणि सतरा तो घालून खेळली. मी समोरच्या गॅलरीत बसून फक्त नंबर बघून नोंदी करते, त्यामुळे ही अदलाबदल मला कळलीच नाही. सात हल्ले चोवीसच्या नावावर पडले, आणि अहवालात सतराबद्दल लिहिलं गेलं, 'उत्तरार्धात खेळली नाही.' चोवीसनेच नंतर विचारलं, "ताई, मी कधी खेळले?" तोवर अहवाल गेला होता, आणि तीन दिवसांपूर्वी त्याच अहवालावरून सतरा शिबिराच्या यादीतून गळाली. मी गप्प बसले. म्हटलं, एकदा मुलाखतींचं आटपू दे, मग निस्तरते. खोटं कशाला बोलू, भीती वाटली होती. अर्ज टेबलावर असताना आपणच आपल्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

मी प्रोजेक्टर बंद केला.

"काय झालं? वीज गेली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. सरांनी सामना पाहिलेला नाही. पाहिला असता तर भुवईला पट्टी बांधलेली मुलगी कोण ते त्यांना दिसलं असतं." आणि मी सगळं सांगितलं. शर्ट, पेटी, नोंदी, माझी चूक, आणि ती लपवली हेसुद्धा.

सर चष्मा पुसू लागले. म्हणाले, "अहवाल चुकीचा असेल तर दोष लिहिणाराचा."

"माझाच आहे," मी म्हटलं. "पण तीनदा पाहिलाय असं मी म्हटलं नव्हतं."

सरांना बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाई माझ्यावर कडाडल्या, "तीन दिवस? एका मुलीचं करिअर आहे ते!" त्यांचं काही चुकत नव्हतं. सचिव हळूच म्हणाले, "ताई, कशाला ओढवून घेतलंत? गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना! आता ऐका. माझा अर्ज तुमच्या फाईलमध्ये आहे, चौथा. तो बाहेर काढा आणि मुलाखत घ्या. नको असेन तर तोंडावर नाही म्हणा, पण प्रोजेक्टर लावायला पुन्हा बोलावू नका."

भिंतबाईंनी फाईल ओढली आणि अर्ज वर ठेवला. "बसा त्या खुर्चीत," म्हणाल्या.

पाऊण तास त्यांनी मला सोललं. मीही एक प्रश्न सोडला नाही. मग मला बाहेर काढलं आणि वीस मिनिटांनी पुन्हा आत बोलावलं. तीन विरुद्ध दोन. डॉक्टरीणबाईंचं मत माझ्या विरुद्ध होतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "वर्षभरासाठी मुख्य प्रशिक्षक तुम्ही. पण चूक जाहीर करावी लागेल."

"पत्रकाच्या पहिल्या ओळीत करा," मी म्हटलं.

बाहेर येऊन पहिला फोन सतराला लावला. तिला सगळं सांगितलं.

"तीन दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी तीन दिवस रडत होते, ताई. वाटलं, मलाच खेळता येत नाही." "तुम्ही मुख्य असाल तर मला नाही यायचं शिबिराला."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तिने उचलला नाही. माझे डोळे भरून आले, आणि बरंच झालं, भरायलाच हवे होते.

सचिव हसत बाहेर आले. "चला मॅडम, फोटोवाला खोळंबलाय."

"फोटो उद्या काढा," मी म्हटलं. "सतराच्या घरचा पत्ता द्या आधी."

"आत्ता? ती नाही म्हणाली तर?"

"तर परवा परत जाईन."