वेंदुलाच्या वाट्याचा युरोप

प्रवास ठरला तो जानेवारीत, प्रेरोवच्या बेकरीच्या मागच्या खोलीत. वेंदुला शनिवारी तिथे पाव भरायला जायची. तिची मैत्रीण इवोना आली, पिठाच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "जूनमध्ये महिन्याभराचा रेल्वे पास काढू. एक पास, सगळा युरोप. येतेस?"

वेंदुला लगेच हो म्हणाली. शाळेत चार वर्षं ती फ्रेंच शिकली होती आणि अजून एकाही फ्रेंच माणसाशी बोलली नव्हती. शिवाय प्रेरोव हे जंक्शनचं गाव. तिच्या खोलीच्या खिडकीतून व्हिएन्नाच्या, वॉर्साच्या गाड्या जाताना दिसायच्या, आणि एकोणीस वर्षं त्या दुसऱ्यांनाच घेऊन चालल्या होत्या. पाच महिन्यांचे सगळे शनिवार तिने त्या पासासाठी बेकरीत घालवले.

निघायच्या दिवशी इवोना स्टेशनावर आली ती वडिलांबरोबर. आणि वडिलांच्या खांद्याला टेकलेला डबल बास, व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. काळ्या जाड खोळीतला, खाली एक छोटं चाक लावलेला, इवोनाहून हातभर उंच.

"हा पण येणार?" वेंदुलाने विचारलं.

"चारच ठिकाणी संगीतशाळांच्या प्रवेशपरीक्षा आहेत गं. लिंत्स, फ्रायबुर्ग, लियाँ, गेन्ट. दहा-दहा मिनिटांचं काम. बाकी महिना आपलाच."

"तू बोलली नव्हतीस."

"बोलले असते तर तू आली असतीस का?" इवोना हसली. वडीलही हसले. वेंदुलालाही मग हसावं लागलं. पाठीवर बॅग, हातात आईने भरून दिलेली खाण्याच्या टिनांची पिशवी, आणि गाडी फलाटाला लागत होती. तेवढ्यात भांडायचं कधी?

डबल बास ट्रेनमध्ये चढवायची एक रीत असते, ती वेंदुला पहिल्याच दिवशी शिकली. एकीने वर जाऊन मानेला धरून ओढायचं, दुसरीने खालून बूड उचलून ढकलायचं. वेंदुला उंच आणि दणकट, त्यामुळे खालचं टोक तिच्या वाट्याला आलं ते कायमचंच. तिने त्याचं नाव 'म्हातारा' ठेवलं. म्हाताऱ्याला ऊन चालत नाही, लाकूड चिकटवलेला सरस सुटतो. म्हाताऱ्याला पाऊस चालत नाही. तो स्टेशनवरच्या सामानाच्या कपाटात मावत नाही, संग्रहालयात त्याला घेत नाहीत, आणि त्याला एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

लिंत्समध्ये वेंदुलाने संगीतशाळेचा जिना पाहिला. तीन तास ती त्याच जिन्यावर बसली होती. दुपारी दारावर यादी लागली, तीत इवोनाचं नाव नव्हतं. इवोनाने खोळीची चेन दोनदा उघडून दोनदा लावली. अशा वेळी 'मला नदी बघायची होती' असं कसं म्हणणार?

साल्झबुर्गला ठरलं की आळीपाळीने गाव बघायचं. इवोना आधी गेली आणि अडीच तासांनी आली, तोवर गाडीची वेळ झाली होती. म्युनिकमध्ये इवोनाला सराव करायचा होता. युवक वसतिगृहाच्या तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत परवानगी मिळाली, पण कुणीतरी दाराशी थांबायला हवं, नाहीतर कपडे घ्यायला येणारे लोक मधेच आत शिरतात. दाराशी कोण थांबलं हे सांगायला नको. दोन दिवस वेंदुलाने तेच तेच आठ सूर ऐकले आणि शेजाऱ्यांचे मोजे वाळताना पाहिले.

"उद्या नक्की फिरू," इवोना म्हणायची.

"तू कालही हेच म्हणालीस."

"फ्रायबुर्ग होऊ दे गं. डोक्यावर टांगती तलवार आहे माझ्या."

फ्रायबुर्ग झालं. तिथल्याही यादीत नाव नव्हतं. वेंदुलाने स्टेशनवरच्या दुकानातून चर्चच्या मनोऱ्याचं कार्ड घेतलं आणि आईला लिहिलं, 'इथला मनोरा फार सुंदर आहे.' तो तिने कार्डावरच पाहिला होता. कार्ड पेटीत टाकताना तिला स्वतःचीच चीड आली.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, त्या फ्रान्समध्ये शिरल्या. लियाँची परीक्षा त्याच दिवशी दुपारी चारला होती. बेझांसोंला गाडी बदलून दोघी दुसऱ्या गाडीत चढल्या, म्हाताऱ्याला दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभं केलं, आणि अर्ध्या तासाने तिकीट तपासनीस बाई आल्या. सडपातळ, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी पास पाहिले, मग बासाकडे बोट केलं.

वेंदुला घाईने पुढे झाली. शेवटी तिच्या फ्रेंचची वेळ आली होती. तिने मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाली, "बाई, हे एक वाद्य आहे. आम्हाला चार वाजता लियाँला पोहोचायचं आहे."

बाईंनी जे उत्तर दिलं ते इतकं भरभर होतं की वेंदुलाला त्यातले तीनच शब्द कळले. दार, बंद, उतरा.

"कृपया हळू बोला."

"उतरा," बाई हळू बोलल्या. "पुढच्या स्टेशनला. हे दाराच्या वाटेत आहे. सायकलचा डबा असलेली गाडी दोन वाजून चाळीसला आहे."

"ती लियाँला किती वाजता पोहोचते?"

"पाच वाजता."

चार वर्षांच्या फ्रेंचचं पहिलं संभाषण ते एवढंच. वेंदुलाने ते इवोनाला भाषांतर करून सांगितलं तेव्हा इवोना म्हणाली, "तू नीट सांगितलं नसशील."

त्या क्षणी वेंदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने खालचं टोक धरलं, म्हाताऱ्याला फलाटावर उतरवलं, सावलीत नेऊन भिंतीला टेकवलं. गाडी गेली. ते एक लहानसं जंक्शन होतं. दोन फलाट, एक बाक, समोर चीजचं कोठार आणि सगळीकडे गवताचा वास.

"मला एक सांग," वेंदुला म्हणाली. "दहा दिवसांत मी काय पाहिलं?"

"आत्ता नको गं, वेंदुला."

"आत्ताच. लिंत्समध्ये जिना. म्युनिकमध्ये मोजे. फ्रायबुर्गमध्ये कार्डांचं दुकान. आणि मी नीट सांगितलं नाही म्हणे."

"तुला काय वाटतं, मी मजा मारतेय? दोन ठिकाणी नापास झालेय मी. तिसरी परीक्षा आता बुडाली."

"मग मला कशाला आणलंस?"

इवोना नखं बघत राहिली. तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला असता तर बरं झालं असतं, असं वेंदुलाला नंतर कितीदा तरी वाटलं.

"बाबांना रजा मिळाली नाही," इवोना म्हणाली. "आणि एकटीला तो डब्यात चढवता येत नाही."

"म्हणजे मी हमाल."

"मी असं म्हणाले का?"

"हमालाला निदान पैसे मिळतात, इवोना. मी माझ्या पदरचे घालून आलेय."

दुसऱ्या फलाटावर दिजोंची गाडी येत असल्याची घोषणा झाली. वेंदुलाने टिनांची पिशवी बाकावर ठेवली, पाठीला बॅग लावली आणि चालू लागली. आपण खरंच जातोय हे तिला पूल चढताना कळलं. मागून इवोनाचा आवाज आला, पण तो परत बोलावणारा नव्हता.

"टिन उघडायची चावी तुझ्याकडे आहे."

वेंदुलाने वळून पाहिलं नाही. चावी खिशात होती, तिथेच राहिली.

दिजोंमध्ये तिला चार तास मिळाले. दहा दिवस ती ज्याची वाट बघत होती ते हेच. हात मोकळे, पाय मोकळे, कुणाची वेळ नाही. ती थेट संग्रहालयात गेली. मंगळवारी ते बंद असतं, असं दारावर लिहिलं होतं. ती कॉफी प्यायला बसली, फ्रेंचमध्ये नीट जुळवून कॉफी मागितली, आणि वेटरने तिला इंग्रजीत उत्तर दिलं. तिने पुन्हा फ्रेंचमध्ये आभार मानले. त्याने पुन्हा इंग्रजीत स्वीकारले. बाहेर रंगीत कौलांची घरं होती, गर्दी होती, पण तिला नीट काहीच दिसेना. सगळा वेळ ती डोक्यातल्या डोक्यात इवोनाशी भांडत होती, जे बोलायचं राहिलं ते बोलत होती, आणि इवोनाची उत्तरंही स्वतःच देत होती. साडेचारला तिच्या लक्षात आलं की आपण एकाच चौकाला तिसरी चक्कर मारतोय.

ती परत निघाली. कारण काळजी हेच होतं, पण ते तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. लियाँला त्या बाजूनेही जाता येतं, एवढंच म्हणाली.

जंक्शनवर पोहोचली तेव्हा फलाट रिकामा होता. बाकही रिकामा. तिकीटघरातला पिकल्या मिशांचा माणूस खिडकी पुसत होता.

"मोठं वाद्य घेऊन एक मुलगी होती," वेंदुलाने विचारलं. "दोन चाळीसच्या गाडीने गेली का?"

"ती? ती त्याआधीच गेली." तो निवांत बोलत होता, आणि वेंदुलाला प्रत्येक शब्द कळत होता. "फलाटावर वाजवत बसली होती. छान वाजवते हो. जरा रागीट, पण छान. समोर चीज भरायला लियाँचा ट्रक आला होता. ड्रायव्हरने ऐकलं, म्हणाला, चल. चीजच्या चाकाएवढ्या ठोकळ्यांशेजारी उभं केलं त्यांनी ते धूड."

"चढवलं कुणी?"

"मी खालून धरलं, त्याने वरून. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. वेंदुला त्याचे आभार मानून टेलिफोनच्या खोक्यात गेली. अडीअडचणीला प्रेरोवला फोन करायचा, असं दोघींच्या घरी ठरलं होतं. आईने पहिल्या घंटीला उचलला.

"अगं, आहेस कुठे तू? इवोनाचा फोन आला होता. म्हणाली, वेंदुला कुठे आहे कळलं का? मी म्हटलं, बाई, ती तुझ्याबरोबर आहे ना?"

"पोहोचली का ती?"

"पोहोचली, परीक्षाही झाली. त्यांचं सगळं उशिराच चाललं होतं म्हणे. तुला लियाँच्या मोठ्या स्टेशनवर पुढच्या पायऱ्यांवर भेटते म्हणाली. काय गं, तिला एकटीला सोडून गेलीस? एवढं जड घेऊन फिरते ती पोर."

"आई," वेंदुला म्हणाली. तेवढ्यात फोनकार्डाची मिनिटं संपली.

लियाँला पोहोचली तेव्हा जूनचा लांबलेला उजेड अजून होता. इवोना पायऱ्यांवर बसली होती. म्हातारा तिच्या मांडीवर मान टाकून पडला होता. शेजारी न उघडलेली टिनं.

"मिळालं," इवोना म्हणाली. "यादीत दुसरं नाव."

"छान झालं." वेंदुलाला खरंच बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच तिला राग आला. तिने खिशातून चावी काढून एक टिन उघडलं. दोघींनी ब्रेडला लावून खाल्लं.

"एक सांगू? चिडू नकोस," इवोना म्हणाली. "आज मला वाजवता आलं. लिंत्समध्ये आणि फ्रायबुर्गमध्ये नाही आलं, कारण आत वाजवताना मला माहीत असायचं की तू बाहेर बसलीयस. तोंड पाडून. मला त्या परीक्षकांपेक्षा तुझीच भीती वाटायची."

वेंदुलाने ब्रेड खाली ठेवला. "म्हणजे तू नापास झालीस ते माझ्यामुळे?"

"असं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

"एकदा तरी बोलली असतीस ना तू, की मला वैताग आलाय. दहा दिवस नुसती 'हो, हो' करत होतीस. प्रत्येक वेळी बूड उचलताना असा सुस्कारा टाकायचीस की वाटायचं, मीच खोळीत जाऊन बसावं."

वेंदुलाला पुष्कळ उत्तरं सुचली. दिजोंच्या चौकात तिने ती पाठही केली होती. पण त्यांतलं एकही या बोलण्याला लागू पडत नव्हतं. इवोनाने तिला फसवून आणलं होतं, हे खरं होतं. आणि ती दहा दिवस मनात कुढत बसली होती, हेही खरं. दोन्ही खरं असताना भांडायचं तरी कुणीकडून?

सकाळी वसतिगृहातून त्या स्टेशनवर आल्या.

"गेन्टची गाडी साडेनऊला आहे," इवोना म्हणाली. "ब्रसेल्सला बदलायची."

"इथे मिळालंय ना तुला? मग गेन्ट कशाला?"

"तिथले शिक्षक जास्त चांगले आहेत."

"मी येत नाहीये."

इवोनाने मान हलवली. तिलाही ते अपेक्षित असावं. त्यांनी टिनं वाटून घेतली. चावी एकच होती. वेंदुलाने ती इवोनाला दिली.

गाडी आली. कुणाला तरी सांगता आलं असतं. फलाटावर धडधाकट माणसं पुष्कळ होती. पण इवोना वर चढली, मान धरली, आणि वेंदुला सवयीनेच खाली वाकली. सुस्कारा आला तो तिने गिळला.

"घरी भेटू," इवोना दारातून म्हणाली.

"भेटू," वेंदुला म्हणाली.

मग तिने पाटीवरची दक्षिणेकडे जाणारी पहिली गाडी पकडली. कुठे उतरायचं ते ठरलं नव्हतं. डबा गच्च भरलेला होता, आरक्षणाशिवाय जागा नव्हती, आणि तपासनीसाने तिला ते सौम्यपणे, हळू फ्रेंचमध्ये समजावून सांगितलं. तिने त्याला तितक्याच नीट फ्रेंचमध्ये सांगितलं की तिच्याकडे महिन्याभराचा पास आहे, पाच महिन्यांच्या शनिवारांचा. त्याला यातला शेवटचा भाग कळला नाही. ती शौचालयाजवळ बॅगेवर बसली. रागाचा अर्धा वाटा इवोनाचा होता, थोडा आईचा, आणि उरलेला कुणाचा हे तिला नको तितकं स्पष्ट दिसत होतं. व्हालान्सला एक म्हातारं जोडपं उतरलं, तेव्हा कुठे तिला खिडकीजवळ बसायला मिळालं.