वरची जागा

माझी धाकटी बहीण आधी शास्त्रीय गायची. श्रोते चाळीस, त्यांतले अकरा नातेवाईक. मग तिने त्याच गाण्यांखाली ड्रम वाजवून घेतले आणि नातेवाईकांनाच तिकिटं मिळेनाशी झाली. नाकं मुरडणारे पास मागायला लागले.

आम्हा दोघींना शिकवलं आईनेच. मी सोळाची असताना तिने निकाल दिला, "हिचा आवाज घरापुरता." तेव्हापासून मी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. अठ्ठावीस वर्षं झाली. राग? आहे ना, चांगला आहे!

नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला मी सोबत गेले, तर नेमका धाकटीचा घसा बसला. ड्रमवाला तर येऊन बसलेला. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, तुम्ही नुसती जागा धरा. नंतर तुमचं पुसून टाकतो." चाल मला पाठच होती, आमच्या घरात दुसरं ऐकू येतं काय? गायले आणि थेट दवाखाना गाठला.

आठवड्याने धाकटी गायली. त्या बाबाने माझं सगळं पुसलं, पण मधली वरच्या सुरावरची एक लांब जागा पुसायचा विसरला. गाणं तुफान चाललं. आमच्या दवाखान्यातही लोक तोंड उघडं टाकून माझा आवाज ऐकायचे. तोंड उघडायला डॉक्टरांनी सांगितलेलं असायचं, ते सोडा.

रविवारी जेवताना टीव्हीवर तेच गाणं लागलं. आईचा घास हातातच राहिला. "काय जागा घेतलीस गं! ही शिकवून येत नाही."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिला माहीत होतं. ती नुसती हसली असती तरी विषय संपला असता. एकदा, फक्त एकदा आईने मला तसं म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि मी आपली आमटी वाढत बसले.

"आई, ती जागा ताईची आहे," धाकटी म्हणाली.

आईने धाकटीला फोनवर तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तीनदा. आमटी गार झाली.

"तरीच," आई म्हणाली, "श्वास चुकीच्या ठिकाणी घेतलाय."

घ्या! मी ताट उचललं.

"खाली बस. चूक तुझी नाही, मीच तुला शिकवायचं सोडलं." तिने ताट माझ्या हातातून काढून घेतलं. "उद्या सहाला तंबोरा काढ."

"मला आठला दवाखाना उघडायचा असतो."

"मग साडेपाचला."