फिरवायचं नाही, ओढायचं

कृष्णकांतांच्या माघारी त्यांच्या पनवेलच्या फोटो स्टुडिओत पुतण्या परेश जो बसला, तो मालक होऊनच बसला. काकांचे जुने कॅमेरे त्याने आल्या आल्या भंगारात घातले. त्यातली एक झूम लेन्स तेवढी मोनालीने, कृष्णकांतांच्या मुलीने, हिसकावून घेतली आणि मुंबईहून अडॅप्टरची रिंग आणून आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. वडिलांच्या हातची होती म्हणून तर खरंच, पण परेशच्या मनासारखं होऊ नये म्हणूनही.

परेश गिऱ्हाइकांसमोर त्या लेन्सवरून तिची टिंगल करायचा. म्हातारीला नवी नथ घातलीय, म्हणायचा. मोनाली उत्तर द्यायची नाही. एकेक वाक्य मनात मुरवत ठेवायची, लोणच्यासारखं.

तिला त्याच्या हाताखालून सुटायचं होतं, आणि वाट एकच होती: गव्हाणच्या आनंदाशेठचा पळस्प्याचा रिकामा गाळा. माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या हळदीचे फोटो मनासारखे आले तर गाळा तुला, असा त्याने शब्द दिला होता.

हळदीला दोघंही कॅमेरे घेऊन गेले. नाचणाऱ्यांचा धक्का लागून परेशचा कॅमेरा आपटला आणि त्याच्या महागड्या लेन्सने मान टाकली. नेमकी तेव्हाच ठमाबाई धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी करणारी बाई, हळदीची वाटी घेऊन बसली होती. परेशने मोनालीच्या गळ्यातला कॅमेरा सरळ काढून घेतला. भर मांडवात ओढाताण नको म्हणून तिनेही दिला.

आता या जुन्या झूमला कडं एकच. पुढेमागे ओढलं की माणूस जवळ येतो, फिरवलं की फोकस हलतो. परेशचा हात नव्या लेन्सवर घडलेला. त्याला फिरवून जवळ आणायची सवय, आणि फोकसचं कॅमेरा बघून घेतो ही श्रद्धा. तो कडं फिरवत होता आणि बटण दाबत होता. मोनालीच्या जिभेवर शब्द आले, फिरवू नकोस. तिने ते गिळले, आणि खरं सांगायचं तर गिळताना ते गोड लागले. आपटू दे एकदाचा तोंडावर.

एवढ्यात आनंदाची आई गंगाबाई पुढे आली. म्हातारी हल्ली पोटच्या लेकालाही ओळखत नव्हती. तिने हळदीचा हात नातीच्या गालाला लावला आणि "प्रांजे" म्हणून हाक मारली. आनंदा ढसाढसा रडला. मोबाइल काढायचं कुणाला सुचलं नाही. परेश कडं फिरवत राहिला आणि मोनाली तरीही गप्प राहिली.

कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळं ठीक दिसलं. स्टुडिओत कॉम्प्युटरवर लावलं, तर एका चेहऱ्याला धड नाकडोळे नाहीत. नुसती पिवळी भुतं.

आनंदा आला तेव्हा परेशने हात झटकले. लेन्स हिची, भंगार हिचं, मी काय करणार, म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! मोनालीचा इतक्या दिवसांचा राग उसळून वर आला.

"फोटो यानं काढलेत काका. ते कडं फिरवायचं नसतं, ओढायचं असतं. हा फिरवत होता. मी तिथंच उभी राहून बघत होते."

आता परेश मेला, असं तिला वाटलं. पण याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आनंदाने परेशकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याला येत नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "तुला येत व्हतं. मंग तुजं तोंड कुनी धरलेलं? माजी आय काय आता पुन्ना हाक मारनार नाय."

आनंदा उठला आणि पायऱ्या उतरून गेला. गाळ्याचं नाव त्याने काढलं नाही आणि तिचीही काढायची छाती झाली नाही.

परेश खुर्चीत रेलला. उद्या लवकर ये, त्याने तिला सांगितलं, शाळेतली पोरं आयकार्डाच्या फोटोला येणार आहेत.