दोरीवरची वर्दी

लष्कराच्या क्वार्टरमध्ये नियम पाळून पाळून संयोगिताचा जीव विटला होता. पाहुणा आला की गेटवर पास काढा, गॅस बंद केल्याशिवाय कुलूप लावू नका, नवऱ्याची वर्दी बाहेरून दिसेल अशी वाळत घालू नका. मग शंभूराजची बदली बायकापोरं नेता येत नाहीत अशा ठिकाणी झाली आणि ती आष्ट्याजवळच्या मळ्यातल्या घरी सासूपाशी, मनुबाईंपाशी, राहायला आली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

तर इथं मनुबाईंनी लेकाची जुनी वर्दी रस्त्याकडच्या दोरीवर टाकलेली. संयोगितानं ती काढून घडी घातली. दुसऱ्या दिवशी वर्दी पुन्हा दोरीवर. आठवडाभर हेच चाललं. शेवटी तिलाच कंटाळा आला.

"आवं आत्या, फौजीचं घर हाय हे लोकांना दिसू द्यायचं न्हाई, असं तिकडं बजावून सांगत्यात."

"तिकडं गेटावर बंदूकवाला हुता," मनुबाई शेंगा फोडत म्हणाल्या. "हितं चारी बाजूनं ऊस, अन् घरात आपुन दोघी. वर्दी दिसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, गडीमाणूस घरात हाय."

संयोगितानं एकदा चारी बाजूच्या उसाकडं बघितलं. मग उठली, वर्दीची घडी मोडली, बादलीत बुडवून पिळली आणि दोरीवर पसरली.

"रोज कोरडीच दिसली," ती म्हणाली, "तर कुणाला खरं वाटायचं न्हाई, आत्या."