सगळे घोडे डावीकडे

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे. जाडजूड, फुगलेली, आणि नाक जवळ आणलंत तर अजूनही माशाचा वास मारणारी. माझ्या पोटात एका लढाईची गोष्ट आहे. आमचा राजा, गवताळ मुलखातून चालून आलेला खान, मध्ये एक नदी, आणि दोन्हीकडून इतके भाले, की चित्रांत आभाळाला जागाच उरलेली नाही. लढाई कधी झाली ते मला विचारू नका. मला लिहिलं तेव्हाच ती फार जुनी झाली होती.

माझा जन्म रशियाच्या उत्तरेला, पिनेगा नदीच्या काठी, सावतीच्या घरात झाला. सावती उन्हाळ्यात मासे धरायचा आणि हिवाळ्यात पोथ्या लिहायचा. तेव्हा वासाचं खापर त्याच्यावर फोडा, माझ्यावर नको. शाई त्यानं घरीच केली. काळ्या पावाच्या आंबिलीत गंजके खिळे आणि झाडाची साल घालून मडकं चुलीमागे ठेवून दिलं. त्याची बायको अकुलिना एकदा तहानेच्या भरात त्यातलंच पळीभर पिणार होती. ती प्यायली असती तर मी नसते, आणि तिच्या हातून सावतीही वाचला नसता.

सावतीचं अक्षर बघत राहावं असं. पण घोडा त्याला एकाच बाजूनं काढता यायचा, डावीकडे तोंड केलेला. उजवीकडे बघणारा घोडा काढायला गेला की त्याची गाय व्हायची. म्हणून माझ्यातले सगळे घोडे डावीकडे धावतात. आपलेही आणि खानाचेही.

अकुलिना पीठ मळता मळता डोकावली. म्हणाली, "अहो, ही दोन्ही सैन्यं एकाच दिशेला कुठं निघालीत?"

"लढायला."

"कुणाशी? पुढं तर कुणीच नाही."

"खान मागे आहे."

"म्हणजे तो आपल्या राजाला हाकलत नेतोय?"

"तू पीठ मळ," सावती म्हणाला.

खानाला उंट हवा होता. सावतीनं जन्मात उंट पाहिला नव्हता. पाठीवर उंचवटा असतो एवढं त्यानं ऐकलं होतं. त्यानं आपला नेहमीचा रेनडिअर काढला आणि त्यावर उंचवटा बसवला. अकुलिनानं तो बराच वेळ न्याहाळला. "गळू झालंय बिचाऱ्याला. खान बसला की फुटेल बघा." त्यावर सावती दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, पण उंट तसाच ठेवला.

आता एक पान नीट लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत येरेमेय नावाचा लोहाराचा पोरगा आहे, राजाचं निशाण धरणारा. तो आईचा निरोप घेतो, लढाईला जातो, निशाण खाली पडू देत नाही आणि शेवटी गवतात पालथा पडतो. मरतो. राजा जिंकतो, पण येरेमेय घरी येत नाही. निरोपाच्या चित्रात सावतीनं आधी वेस काढली, पानाच्या डाव्या कडेला. वेशीत आई उभी केली. मग घोडा काढायला घेतला आणि त्याच्या ध्यानात आलं की घोडा डावीकडेच बघणार. म्हणजे थेट वेशीत शिरणार. त्यानं दाढी खाजवली. कागद लांबून, महाग मिळालेला. "चालतंय," तो म्हणाला. "कुठं निघालाय ते लोकांना माहीतच असतं." आणि खाली दोनच ओळी लिहिल्या. येरेमेय घोड्यावर. आई वेशीत रडते, घंटा वाजते.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. लाकडी फळ्या, वर कातडं, पितळेच्या दोन कड्या. हिवाळ्यात बायका कुणा एकीच्या घरी सूत कातायला जमायच्या आणि वाचता येणारी एखादी म्हातारी मला उघडायची. आमच्या लोकांत हात धुतल्याशिवाय पोथीला शिवत नसत. पण खानाचं पान आलं की धुतलेल्या हातांना आवर राहायचा नाही. कुणी सुईनं, कुणी चातीच्या टोकानं त्याचे डोळे टोचायचं. आज माझ्यातल्या एकाही खानाला डोळे नाहीत. रागाच्या भरात कुणीतरी उंटाचेही फोडले. त्याचा काय दोष होता? येरेमेय गवतात पडला की सगळ्या गप्प व्हायच्या आणि नाकं ओढत घरी जायच्या.

अशा किती पिढ्या गेल्या ते मी मोजलं नाही. सावतीच्या वंशातली शेवटची वाचणारी म्हातारी गेली आणि मी लोकरीच्या पेटीत जाऊन पडले. वाचणारं कुणी नाही, टोचणारं नाही. एका उंदरानं माझी कड कुरतडली. मला बरं वाटलं. निदान कुणाला तरी माझी भूक होती.

मग एका वसंतात नदीवरचा बर्फ फुटला आणि पाणी घरात शिरलं. सावतीच्याच वंशातला तेरेंती चामड्याचे बूट शिवायचा. त्यानं मला चिखलातून उचललं तेव्हा माझी शिवण सुटलेली होती. त्यानं एकेक पान उचललं तसं चुलीवरच्या दोरीवर ओळीनं टांगलं, मोज्यांच्या शेजारी. वाळल्यावर त्याच ओळीनं काढलं आणि बुटांच्या मेणदोऱ्यानं शिवायला घेतलं. सगळं बरोबर जमलं. फक्त एक पान सुटं होऊन बाकाखाली चिकटलं होतं, ते सगळ्यांत शेवटी सापडलं.

तेरेंतीला अक्षरओळख नव्हती. त्यानं चित्र बघितलं. वेस आहे, आई आहे, घोडेस्वार वेशीकडे तोंड करून येतोय. "पोरगं घरी आलं," तो म्हणाला आणि ते पान माझ्या शेवटी शिवून टाकलं.

मी काय बोलणार? पोथीला तोंड असतं का? आणि खरं सांगू, मला गंमत वाटली.

तेरेंतीची लेक मेलान्या शेजारच्या गावात मावशीकडे राहून वाचायला शिकली आणि मी पुन्हा हिवाळ्यातल्या बैठकीत जाऊ लागले. आता येरेमेय गवतात पालथा पडायचा, बायका नाकं ओढायला सुरुवात करायच्या, मेलान्या पान उलटायची आणि तो घोड्यावर बसून घरी यायचा. गावातल्या एक-दोन म्हाताऱ्यांना शंका आली. एक म्हणाली, "आमच्या वेळी हा मरायचा."

दुसरी म्हणाली, "तेव्हा माणसं नाजूक होती. गप्प बस, आता रडत घरी जावं लागत नाही."

मेलान्याचं लग्न गावातच झालं आणि मी तिच्याबरोबर सासरी गेले. तिला एकच मुलगा, लुका. तांबड्या केसांचा, हावरट. एकदा माशाची कचोरी खाता खाता त्यानं शेवटच्या पानावर बोट ठेवलं, बरोबर घोड्याच्या खुराशी. तेलाचा गोल डाग पडला. मेलान्यानं त्याला धपाटा घातला, राखेनं डाग पुसून बघितला, पण तो गेला नाही.

मग मोठं युद्ध आलं. गावातले पुरुष होड्यांत बसून नदीनं खाली, लढायला गेले. शेजारच्या फ्योक्लाचा नवरा प्रोखोर गेला, लुकाही गेला. प्रोखोर पडल्याचा कागद आला. लुकाच्या कागदावर लिहिलं होतं, बेपत्ता.

त्यानंतर मेलान्या मला दर हिवाळ्यात उघडायची, आणि शेवटच्या पानावर आली की लगेच मिटायची नाही. त्या डागावर आपलं बोट ठेवून बसायची. गवतात पालथा पडलेला पोरगा जर उठून घरी येत असेल, तर कागदावरचा एक शब्द काय मोठा? ती हे कधी बोलली नाही. पण तिचं बोट मला कळत होतं.

फ्योक्ला मात्र तोंडानं फटकळ. "कशाला मेल्या पानाला गोंजारतेस? झिजेल ते."

"तू कात."

"येरेमेय लोहाराचा पोरगा होता. तुझा लुका आळशी. तो चालत येणार, म्हणून उशीर होतोय."

असं बोलायची आणि तरी एकही हिवाळा चुकवायची नाही. येताना चाती टोकदार करून आणायची, खानासाठी.

वर्षं सरली. तरुण पोरं कामाला शहरात गेली. सूत कातणाऱ्या दोघीच उरल्या, मेलान्या आणि फ्योक्ला. उंदीर मात्र वाढले. एका उन्हाळ्यात लेनिनग्राडहून नीना नावाची मुलगी आली, पाठीवर पिशवी, पायांवर डासांचे फोड. जुन्या पोथ्या शोधत गावोगाव फिरत होती. मेलान्यानं तिला रानफुलांचा काढा दिला, परक्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात. त्या पेल्याला कान नव्हता.

"पोळला तर सांग," फ्योक्ला म्हणाली. "आम्ही बघून घेऊ."

नीना हसली, उठली आणि कुणी न सांगता हात धुऊन आली. तेव्हा कुठं मेलान्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं मला अशी उघडली, जसं झोपलेलं पोर उचलतात. डोळे नसलेला खान बघितला, गळूवाला उंट बघितला, तोंडावर हात ठेवून हसली. मग शेवटचं पान आलं. ती पानं उलटत मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि तिचं हसू गेलं.

मेलान्या म्हणाली, "मी फार दिवस नाही, पोरी. माझ्यामागे ही उंदरांच्या पोटात जाईल. तू घेऊन जा."

नीनानं लगेच होय म्हटलं नाही. "आजी, नेली तर आमच्याकडे ग्रंथालयात हिची शिवण उसवतात. पानं धुतात, डाग काढतात, पुन्हा नीट लावतात. आणि..." तिनं पानावर अलगद हात ठेवला. "हे पान इथलं नाही. हे सुरुवातीचं आहे. तो घरी येत नाहीये. निघालाय."

मित्रांनो, इतकी वर्षं मला ज्याची गंमत वाटत होती, त्याची त्या क्षणी मला भीती वाटली. मेलान्यानं मला नीनाच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि शालीखाली धरलं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "उंदीरच खाऊ देत."

"आजी, दोन हिवाळ्यांत हिचं काही उरणार नाही."

बोलली ती फ्योक्ला. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. मेलेला तो मेलेलाच, मी कधीची सांगतेय. पण तिनं चाती खाली ठेवली.

"पोरी, तुझ्याकडे शिकलेली माणसं किती आहेत?"

"पुष्कळ आहेत."

"त्या सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे?"

"हो."

"मग त्यांच्याकडे तो मरतो. मरू दे. आमच्याकडे येतो." तिनं नाक पुसलं. "माझा प्रोखोर यायचा नाही. कागद आलाय, त्यावर शिक्का आहे. मी काय वेडी नाही. पण कुणीतरी येताना दिसतं म्हणून मी दर हिवाळ्यात हिचं तोंड बघायला येते. माझं तेवढंच आहे. ते पान हलवलंस तर तुझी होडी बुडव म्हणून नदीला सांगेन."

मेलान्या शेजारणीकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला हे माहीत नव्हतं.

नीनानं तो बिनकानाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "पान शेवटीच राहील. डागही राहील. तिथं भांडावं लागेल, मी भांडेन."

"कुठवर?" मेलान्यानं विचारलं.

"तो येईपर्यंत."

मेलान्यानं मला एकदा शेवटचं उघडलं, डागावर बोट ठेवलं, कड्या लावल्या. मग फडताळावरून घरातला पेला काढला, कान असलेला, आणि त्यात नीनाला काढा ओतून दिला.

शहरात नीना खरंच भांडली. मोठमोठे चष्मे माझ्यावर वाकले. एक साहेब म्हणाले, "ही ढळढळीत चूक आहे." नीना म्हणाली, "हो साहेब, चूक आहे, आणि ती ज्यांची आहे त्यांनी ती मला राखायला दिलीय." शेवटी माझी बाकीची पानं धुतली, उंदरानं खाल्लेल्या कडेला नवा कागद जोडला, नवी शिवण घातली. ते एक पान मात्र तसंच राहिलं, शेवटी, तेलाच्या डागासकट.

पुढच्या उन्हाळ्यात नीना पुन्हा पिनेगाला गेली. परत आली ती थेट माझ्याजवळ बसली. मेलान्या गेली होती. फ्योक्लानं मला गुंडाळायला स्वतः कातलेल्या सुताचं फडकं पाठवलं होतं, आणि एक निरोपही. खानाचे डोळे पुन्हा भरलेत का, एवढं बघून ये.

आज नीनाही नाही. लुका आला नाही. मी काही खुळी नाही, मला कळतं. पण माझी जबाबदारी ज्याच्याकडे येते, त्याला आधीचा माणूस ते पान दाखवतो आणि कुठवर ठेवायचं ते सांगतो. इथं चूल नाही, चातीचा आवाज नाही, आणि कधी कधी मला त्या फटकळ जिभेची फार आठवण येते. फक्त एक गोष्ट घरच्यासारखी आहे. इथंही हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं पुस्तक असेल तर त्याला उंदरांपासून जपा, ओलीपासून जपा. फाटलं तर शिवा. पण त्यावरचा डाग पुसायच्या आधी, सुटलेलं पान हलवायच्या आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि कधी माझ्याकडे आलात, तर हात धुऊन या. खानाला खुशाल हसा. शेवटचं पान मात्र हळू उलटा. घोडा फार लांबून आलाय, आणि वेस आता अगदी जवळ आहे.