पंखा की पंप

आप्पांनी स्वतः बनवलेली छोटी पाणबुडी दोन्ही हातांनी पिंपात दाबून धरली होती. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, पण नजर पाण्यावरच होती.

"बघ गो, कुठनं बुडबुडा येतो का."

सारिका पिंपावर वाकली. शेवाळलेल्या पाण्यात तो लांबट, करडा आकार हलत होता. "नाही येत."

"नीट बघ. तुझं लक्ष आपलं पुस्तकात."

"पुस्तक बसमध्ये संपलं, आप्पा."

बुडबुडा आला नाही. आप्पांनी हात सैल केले, तशी पाणबुडी वर आली आणि एका कुशीवर कलंडली. त्यांनी ती उचलून बाकावरच्या गोणपाटावर ठेवली आणि लहान मुलाचं डोकं पुसावं तशी जुन्या टॉवेलने पुसली. अंग जाड पीव्हीसी पाइपचं होतं. नाक फायबरचं होतं, तांबड्या भोपळ्यावर साचा घेऊन केलेलं, त्यामुळे त्यावर भोपळ्याच्या अस्पष्ट पन्हळी उमटल्या होत्या. नवे रिमोट पाण्याखाली पोचत नाहीत म्हणून लांब एरियलचा जुना रिमोट त्यांनी कुठून कुठून मिळवला होता. आत सगळं बसलं होतं. राहिलं होतं एवढंच, की ती पुढे ढकलायची कशाने.

आप्पांच्या म्हणण्यानुसार ती खेळण्यातली बोट नव्हती. पुढे कधीतरी समुद्र वर आल्यानंतरच्या काळातली ती होती. कल्याण केव्हाच बुडालेलं. शहापूर पाण्याखाली, मुरबाड पाण्याखाली. माहुलीचे सुळके बेटांसारखे वर उरलेले आणि पलीकडे माळशेजची कड. त्या दोन काठांच्या मध्ये ही जायची, माणसं आणि भाताचं बियाणं घेऊन. सारिकाने एकदा विचारलं होतं, बियाणं कशाला? तर म्हणाले, वर गेलेली माणसं काय दगड खाणार?

"तर आता बोल," आप्पा टॉवेल पिळत म्हणाले. "पंखा की पंप?"

"पंखा."

"का?"

"तेवढ्याच बॅटरीत पंखा जास्त ढकलतो. दोन लावायचे, उलटसुलट फिरणारे, म्हणजे कलंडणार नाही. जगभर तेच करतात."

"जगभर शहापूर बुडालेलं नाय." त्यांनी स्टूल ओढलं. "खाली काय काय आहे बघ. विजेच्या वायरी तशाच. शेताची कुंपणं तशीच. कोणाची मासे धरायची जाळी. पंखा पयल्याच वळणावर गुंतला का माणसं तिथंच. पंप पोटात बसतो. नाकातनं पाणी घेतो, शेपटीतनं सोडतो. बाहेर फिरणारं काय नाय, अडकणार काय?"

"नाकात गाळ अडकेल."

"जाळी लावीन."

"जाळीवर शेवाळ बसेल."

"मग उलटा फुंकीन. शिंकल्यासारखं."

"पाणबुडी शिंकणार?"

"तू नाय शिंकत?"

आई आतून लसूण सोलता सोलता म्हणाली, "दोघं जेवायला येता का पाण्याखालीच जेवता?" तिचं नाव प्रेमा होतं आणि आप्पा चिडवायला तिला प्रेमाबाय म्हणत. "आलो प्रेमाबाय," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मुरबाडच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागल्यापासून सारिका तिथेच खोली घेऊन राहत होती. दर रविवारी शहापूरला यायची आणि दर रविवारी हेच चालायचं. आप्पांनी मोटार वाइंडिंगचं दुकान बंद केल्यापासून मागच्या पडवीत तेवढंच उरलं होतं: एक बाक, तारांची रिळं आणि ही. त्या दिवशीही भांडण नेहमीच्या वाटेने नेहमीच्या ठिकाणी पोचलं. तिने शेवाळाचं पुन्हा काढलं. आप्पांनी पाणबुडीच्या कोऱ्या शेपटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले,

"बरं. पंखा."

"काय?"

"पंखा लावू. तुझं खरं."

त्यांनी तिथल्या तिथे मुरबाडच्या जुन्या दोस्ताला, भगीरथला, फोन लावला, "अरे, पंखा ठरला," असं सांगितलं आणि बोलत बोलत अंगणात गेले. सारिका बाकापाशी उभी राहिली. जिंकल्यावर काय करायचं ते तिला सुचलं नाही. मग ती जेवायला गेली. वालाचं बिरडं होतं. आप्पांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

त्यानंतरच्या दिवसांत सारिकाने पुष्कळ कामं केली. मांडववाल्याला खुर्च्या कमी करायला सांगितल्या. दाखल्यावर आप्पांचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून आणलं. कुंडलिकमधला शेवटचा क तिने कारकुनाला बोट ठेवून दाखवला. गॅसवर दूध उतू जाताना ती समोरच उभी होती. गॅस बंद केला, ओटा पुसला. भेटायला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. धीर म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं, तर तिने कोशातला अर्थ सांगितला असता. रात्री ती पुस्तक उघडायची. अक्षरं दिसायची, वाक्यं लागायची, पान उलटलं जायचं.

तेराव्यानंतरच्या रविवारी भगीरथ आला. तो आणि आप्पा तरुणपणी एकाच उस्तादाकडे वाइंडिंग शिकलेले; मुरबाडला त्याचं दुकान अजून चालू होतं. पडवीत येऊन त्याने टॉवेलची गुंडाळी बाकावर सोडली. आत पितळेचे दोन पंखे होते. त्याने ते स्वतः पत्र्यातून कापून घासले होते, एक डावा, एक उजवा. कडा इतक्या गुळगुळीत की बोट घसरत होतं.

"आज बसवून टाकू," तो म्हणाला. "वैशाखऱ्याला मेव्हण्याचं शेततळं भरलेलं आहे. पुढच्या रविवारी सोडू पाण्यात."

"आत्ताच कशाला, काका?"

"शेवटचा शब्द होता गो त्याचा. तो काय आपण मोडायचा?"

आई पडवीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान हलवली. या घरात शेवटचा शब्द कुणी मोडत नसे. आजोबा जाताना म्हणाले होते, जांभळीला हात लावू नका. म्हणून आप्पांनी ही पडवी बांधताना एक भिंत वाकडी घेतली होती आणि झाड छपरातून वर जाऊ दिलं होतं. पावसाळ्यात बुंध्यावरून पाणी आत यायचं. त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नव्हती.

"चांगलं होईल," आई म्हणाली. "शेवटी पोरीचं ऐकून गेले."

भगीरथने पाणबुडी उताणी केली आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावले. कोऱ्या शेपटीवर खिळ्याने दोन खुणा केल्या. भोकं एकदा पडली की पंपाचं तोंड तिथे बसणार नव्हतं. ते तिघांनाही माहीत होतं. सारिकाला त्याने पाइप धरायला सांगितला. तिने धरला. प्लास्टिक गार होतं.

"फोनवर काय म्हणाले होते?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुकानात सामान मागावं तसा वाटला.

"कोण, कुंडलिक?" भगीरथ ड्रिलमध्ये पातं घालत होता. "पंखा ठरला म्हणाला. मी म्हटलं, तू कसा रे मानलास, तू तर पंपावर अडून बसला होतास. तर हसायला लागला. म्हणाला, लाव तू पंखा. वैशाखऱ्याच्या गवतात गुंतला का येईलच पोरगी परत माझ्याकडे भांडायला. मग बघतो तिला." तोही हसला आणि डोळे पुसले. "असा बेरकी."

त्याने वायर बोर्डात खुपसली. पातं एकदा हवेत फिरवून पाहिलं, मग पहिल्या खुणेवर टेकवलं.

सारिकाने पाइपवरचा एक हात काढला आणि खुणेवर ठेवला.

"हात काढ गो, लागंल."

तिने काढला नाही.

"काका, पंप बसवायचा."

"अगं, शब्द होता त्याचा."

"तो माझा शब्द होता. त्यांनी नुसता उचलला."

भगीरथने ड्रिल मागे घेतलं. त्याने आधी आईकडे पाहिलं. सुपातला हात थांबला होता.

"पण तू तर पंख्याची ना," तो म्हणाला. "किती दिवस डोकं खाल्लंस त्याचं. शेवाळ काय, बॅटरी काय."

"मी पंख्याची नव्हते. ते शिंकेचं म्हणाले त्याच्याही आधीपासून नव्हते. पंपच बरोबर आहे. वायरींचं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मला पटलं होतं."

"मग भांडत कशाला होतीस?"

जांभळीच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर जात होती, छपराच्या भोकातून बाहेर. सारिकाने पाणबुडी सुलटी केली. नाकावरच्या भोपळ्याच्या पन्हळींत धूळ बसली होती, ती तिने ओढणीच्या टोकाने पुसली, एक एक रेघ. भगीरथने ड्रिलची वायर काढून हातावर गुंडाळायला घेतली. तो वाट बघत होता, आणि आईही.

"एकदा पटलं असं म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर दुसरं काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं."

मग ओढणी तशीच हातात धरून ती म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलायचं असायचं, काका. पाणबुडीचं मला काहीच नव्हतं."