अण्णांचा वॉर्ड

धायरीतल्या रामदासअण्णांच्या घरात निवडणूक म्हणजे दर पाच वर्षांनी निघणारं लग्नकार्यच. अण्णांचे वडील गेनबा वीस वर्षं सरपंच, त्यांच्यामागे अण्णा. पुढे गाव महापालिकेत गेलं आणि पहिल्याच निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. अण्णांना फार विचार करावा लागला नाही. धाकटी लेक प्रियदर्शनी शिकलेली होती, बिनलग्नाची होती आणि मुख्य म्हणजे उलट बोलणारी नव्हती.

ती तेव्हा कोथरूडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेच्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते. दोन हजार साल उजाडलं की ते यंत्र स्वतःला एकोणीसशे सालात समजणार होतं. प्रियदर्शनी दिवसभर त्या ओळींमधून हिंडायची, तारखा नीट करायची. संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना ज्वारीच्या रानात उभ्या राहिलेल्या इमारती दिसत, त्यांच्या पडदे न लावलेल्या खिडक्यांतले दिवे दिसत, मागे डोंगर धूसर होत जाई, आणि आपण कुठल्या सालात आहोत हेच तिला क्षणभर कळत नसे.

"पाच वर्षांचा प्रश्न हाय," अण्णा म्हणाले. "तू फक्त हात जोडायचे. बाकीचं मी बघतो."

"आणि माझा व्हिसा?"

"अमेरिका कुठं पळून चाललीय?"

प्रचार तिच्या अंगावरून अर्धवट झोपेत ऐकू येणाऱ्या बँडसारखा निघून गेला. उघडी जीप, गुलाल, दारोदारी ओवाळणाऱ्या बायका. पोस्टरवर अण्णांचा भला मोठा फोटो, खाली कोपऱ्यात तिचा. जीपमध्ये हात जोडून उभी असलेली ती बाई कोण, असं तिला वाटायचं. ती बाई निवडून आली.

मग तीन वर्षं तशीच तरंगत गेली. कागद घरी येत, अण्णा वाचत, प्रियदर्शनी सही करी. सभागृहात भाषणं चालत, वर पंखे फिरत, आणि तिचं मन कधीच खिडकीबाहेर पडून ढगांमागे गेलेलं असे.

एका सकाळी मुक्ताई आली. परभणीकडची, नवरा वैजनाथ एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन. दोघं ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहत.

"तीन आठवडे झाले ताई, नळाला थेंब नाही."

"मी अण्णांना सांगते."

मुक्ताईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "निवडून तुम्ही आलाव का ते?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

त्या दिवशी प्रियदर्शनीने वॉर्डातल्या नळांचा नकाशा मागवून घेतला आणि कोथरूडला प्रोग्रॅममधली चूक शोधायची तशी एकेक लाइन बोटाने धुंडाळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बद्रीनाथला जाऊन भेटली. बद्रीनाथ म्हणजे वॉर्डातले व्हॉल्व्ह उघडणारा, बंद करणारा चावीवाला. धुकं इतकं दाट होतं, की त्याच्या हातातली लांब लोखंडी चावी तेवढी दिसत होती आणि त्याचा आवाज कुठूनतरी येत होता.

"बजरंगदादांच्या स्कीमला चार तास सोडायचं."

बजरंग तिचा थोरला भाऊ. गावच्या रानात त्याने फ्लॅट बांधले होते.

"आणि पत्र्याच्या खोल्यांना?"

"उरलं तर."

"हे ठरवलं कुणी?"

बद्रीनाथने चावी व्हॉल्व्हवर बसवली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. वेळापत्रकावर सही तुमचीच आहे, ताई."

चावीच्या फेऱ्यासरशी तिच्या पायांखालून पाणी घुमत गेलं.

घरी येऊन तिने नवं वेळापत्रक लिहिलं. दोन तास इकडे, दोन तास तिकडे. दोनदा वाचलं आणि मग सही केली.

"भावाचं पाणी तोडलंस?" जेवताना अण्णांनी विचारलं.

"दोन तास दिलंय, अण्णा."

"कुणाच्या जिवावर?"

"ज्यांनी मतं दिली त्यांच्या."

अण्णा ताटावरून उठले. त्यानंतर लेकीशी ते बोलले नाहीत. पुढच्या निवडणुकीत तिकीट वहिनीला, नम्रताला मिळालं. प्रियदर्शनी अपक्ष उभी राहिली आणि दोनशे एक्केचाळीस मतांनी पडली.

ती कोथरूडला खोली घेऊन राहिली. परत कॉम्प्युटरसमोर बसू लागली. दोन हजार साल केव्हाच येऊन गेलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. रविवारी मात्र ती धायरीला जाई, मुक्ताईच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहून देई. कधी लिहिता लिहिता थांबून ओढ्याकडे पाहत राही. लोक वाट बघत. पाच वर्षं अशी गेली. मग ओढ्याकाठचे लोक तिला उभं राहा म्हणाले. त्यांच्यामागून बजरंगच्या स्कीममधलेही आले, कारण नळ आता त्यांचेही कोरडे पडत होते. या वेळी पोस्टरवर तिचा एकटीचाच फोटो होता. ती निवडून आली. गुलाल नाकातोंडात गेला, ठसका लागला, आणि जीपमधली ती बाई आपणच आहोत याची तिला खात्री पटली.

तिचं ऑफिस रस्त्यालगतच्या एका गाळ्यात होतं. आलेल्याला पुठ्ठ्याचा नंबर मिळे. पुढच्या उन्हाळ्यातल्या एका सोमवारी तिने मान वर केली तर बाकावर अण्णा बसलेले. वाळलेले, काठी गुडघ्यांत धरलेली. ती घराबाहेर पडल्यापासूनच्या सहा वर्षांत ते तिच्या दारी आले नव्हते.

ती खुर्चीवरून उठली. "अण्णा, अहो आत या ना."

"चार दिवस झाले, घरी पाणी नाय."

"चला, मी आत्ताच येते बघायला."

अण्णांनी हातातला पुठ्ठा वर करून दाखवला. "खाली बस. माझा चौदावा नंबर हाय. आधी या बाईंचं बघ."

प्रियदर्शनी खाली बसली. समोरच्या बाईंनी अर्ज पुढे केला. त्यातली अक्षरं उन्हात पोहत होती. तिने डोळे पुसले आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.